बाईचं खाणं आणि लोकांचं बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव शहर या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या पट्ट्यात मी महिला संघांच्या बैठकांना जाते आणि आहाराविषयी बोलते. बैठक संपून चपला घालताना, अंगणवाडीच्या ओसरीवर, कधी रात्री फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणारीच्याच बोलीत ठेवलेत, नावगाव काढलं आहे. मी डॉक्टर नाही. तपासणी आणि औषधाचा विषय आला तिथे दवाखान्यात जायलाच सांगितलं आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

आपल्याकडे वाटेत कुणी भेटलं की मराठीत "जेवण झालं काय?" आणि कन्नडमध्ये "ऊट आयता?" हाच पहिला प्रश्न असतो. त्याच गल्लीत बाईनं किती खाल्लं, कुणाच्या आधी खाल्लं, कुणासमोर खाल्लं यावर दिवसभर बोललं जातं. या बोलण्यानं बायकांच्या अंगातलं रक्त कमी होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कसं, हे पुढच्या उत्तरांत येईल.

१. दोन घास जास्त खाल्ले की मला चुकल्यासारखं वाटतंय. हे माझ्यातच आहे, का सगळ्यांत असतंय?

पुष्कळ बायकांत असतं, आणि ते कुणी जन्माला घेऊन येत नाही. चार वर्षांची पोर भूक लागली की मागते, पोट भरलं की ताट सारते. मग कधीतरी तिच्या कानावर पडायला लागतं: पोरीच्या जातीनं एवढं खाऊ नये, तोंडाला आवर घाल, सासरी गेल्यावर कळेल. भाऊ तिसरी भाकरी घेतो तेव्हा "कामाचा गडी आहे" आणि ती घेते तेव्हा "खादाड". दहा-पंधरा वर्षं हे ऐकलं की पुढे सांगायला कुणी लागत नाही, बाई स्वतःच स्वतःला सांगते.

एक पारख करून बघा. तोच घास कुणी बघत नसताना खाल्ला असता तर वाईट वाटलं असतं का? नसतं वाटलं, तर त्या वाटण्याचं कारण तुमच्या पोटात नाही, बघणाऱ्याच्या नजरेत आहे. एकटीनं खाल्लं तरी जीव खातं असेल, किंवा एकटीनं खाल्ल्यावरच जास्त वाटत असेल, तर प्रश्न १५ वाचा.

२. बाईला दिवसाला लागतं तरी किती?

बाई काय काम करते त्यावर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये भारतीयांसाठी आकडे दिले. ५५ किलो वजनाच्या बाईला बसून काम असेल तर दिवसाला १६६० उष्मांक (कॅलरी), मध्यम कष्टाचं काम असेल तर २१३०, आणि जड काम असेल तर २७२०. पुरुषाला बसून काम असेल तर २११०.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. दिवसभर उसात भांगलण करून, घरी येऊन पाणी भरून, भाकरी थापणाऱ्या बाईला दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या पुरुषापेक्षा सहाशे उष्मांक जास्त लागतात. ६० ग्रॅम पिठाची जोंधळ्याची भाकरी साधारण २०० उष्मांकांची, म्हणजे तीन भाकऱ्या जास्त. बैठकीत हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात, कारण घरात वाटप नेमकं उलटं असतं.

लोहाचंही तसंच. पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लागतं, पाळी चालू असलेल्या बाईला २९. प्रथिनं बाईला साधारण ४६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या.

३. मी सगळ्यांचं झाल्यावर जेवते. आमच्यात रीतच आहे. त्यात काय वाईट?

शेवटी जेवण्यात वाईट काही नसतं, शेवटी सगळं तेवढंच उरलं असतं तर. उरत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

रविवारचं मटण घ्या. आठ माणसांत अर्धा किलो. पहिल्या पंगतीला सासरे, नवरा, दीर, मुलगा. नळी सासऱ्यांना, कलेजी नवऱ्याला, मुलाला मऊ फोडी. मग दोन मुली. मग सासूबाई, त्याही "मला रस्साच बास" म्हणतात. शेवटी पातेल्याच्या तळाला तर्री, बटाट्याच्या दोन फोडी आणि एक हाडूक असतं. बाई त्या पातेल्यातच भात घालते, हातानं कडा पुसून घेते आणि चुलीजवळच जेवते. ताट घेतलं तर एक भांडं जास्त घासावं लागतं म्हणून ताटही घेत नाही. कलेजी म्हणजे लोहाचा चांगला साठा. ती बाईहून कमी गरज असलेल्या माणसाच्या पानात गेली.

अशा घरात कुणी दुष्ट असतंच असं नाही. वाढणारी बाईच असते, आणि स्वतःला कमी वाढायचं तिला कुणी त्या दिवशी सांगितलेलं नसतं. म्हणूनच भांडून हे सुटत नाही, वाढायची पद्धत बदलून सुटतं. जेवायला बसायच्या आधी माणसागणिक वाट्या भरून ठेवायच्या. मटण असो, आमटी असो, दूध असो. आठ माणसं, आठ वाट्या, आणि जेवायला जे कधी बसायचं ते बसा. तुमची वाटी झाकून ठेवलेली असेल. पाहुणा आला तर आठही वाट्यांतून थोडं थोडं काढायचं, एकाच वाटीतून नाही. काही घरांत हे जमलं आहे. सुरुवातीला आठवडाभर चमत्कारिक वाटतं, मग मुलंच विचारायला लागतात, "आईची वाटी कुठली?"

४. दवाखान्यात रक्त आठ आलं. घरचे म्हणत्यात, बायकांचं कमीच असतंय. खरं काय?

कमी असणं सर्रास आहे, पण ते ठीक नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, गरोदर बाईचं ११ च्या खाली. आठ म्हणजे पायऱ्या चढताना दम लागणार, डोळ्यांपुढे अंधारी येणार, सकाळी उठावंसं वाटणार नाही, आणि वर "आळशी झालीस" हे ऐकायचं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. कर्नाटकात ४७.८ टक्के, शेजारी महाराष्ट्रात ५४.२. सीमेच्या अलीकडे काय, पलीकडे काय, दोघी-तिघींत एक तरी फिकी आहे.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डॉक्टरांनी दिल्या असतील तर पूर्ण घ्या. पोटात मळमळलं तर रात्री जेवण झाल्यावर घ्या. शी काळी होते, त्याला घाबरू नका. गोळीबरोबर आणि जेवणाबरोबर चहा नको, दोन्हींत तासाभराचं अंतर ठेवा. चहातल्या घटकांमुळे लोह अंगाला लागत नाही. उलट ताटात लिंबाची फोड असली तर जास्त लागतं. पुंडीची (अंबाडीची) भाजी, मेथी, शेवग्याचा पाला, कारळ्याची चटणी, मटकी, चवळी हे आपल्या चुलीवरचंच आहे, ते नेमानं खा. गूळ-शेंगा जरूर खा, पण नुसत्या गुळाच्या खड्यानं आठाचं बारा होत नाही. पाळीत फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर एका बाजूनं भरायचं आणि दुसऱ्या बाजूनं वाहून जायचं असं चालू राहतं.

५. मंगळवार यल्लम्माचा, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, श्रावणात सोमवार वेगळा. एखादा सोडावा वाटतोय, पण देवीचं भय वाटतंय.

या प्रश्नाला मी हसत नाही आणि हसणाऱ्यांच्या बाजूनंही बोलत नाही. उपवास हा बऱ्याच बायकांसाठी आठवड्यातला स्वतःचा एकमेव दिवस असतो.

पण आपल्याच घरांत आजारी, गरोदर, बाळंतीण आणि थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला उपवासातून नेहमी सूट होती. ती सूट आजी द्यायची, "बाई, तू धरू नको, मी तुझ्या वाटचा धरते" म्हणायची. रक्त आठ असलेली बाई आजारीच आहे. यल्लम्माच्या सौंदत्तीच्या डोंगरावर पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून परडी भरतात आणि मग सगळे तिथेच बसून जेवतात. त्या देवीला तुमच्या पोटात अन्न गेलेलं चालत नसेल असं मला वाटत नाही.

सोडवत नसेल तर कमी करा. मंगळवार ठेवा, गुरुवार सोडा. निर्जळ धरत असाल तर पाणी सुरू करा. एकभुक्त करा आणि त्या एका जेवणात डाळ, भाजी, ताक सगळं घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास अजिबात नको. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतं. हरताळकेचा निर्जळ उपवास गरोदरपणी नकोच.

६. उपवासालाच जास्त खातीस म्हणून चिडवत्यात.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो खाल्ला की लगेच पोट भरतं आणि लवकर भूक लागते, म्हणून पुन्हा खावंसं वाटतं. त्यात तुमच्या हावरेपणाचा काही संबंध नाही. शेंगदाण्याचं कूट जास्त घाला, बरोबर दही घ्या, किंवा वरी आणि शेंगदाण्याची आमटी करा. भूक थांबेल. चिडवणाऱ्यांचं काय करायचं ते पुढच्या प्रश्नात.

७. लग्नात दुसरा मांडा घेतला तर शेजारी बसलेली म्हणाली, "अगं बाई, अजून?" अशा वेळी काय बोलायचं?

"होय, छान झालाय. तुम्हीपण घ्या की," एवढं पुरे. आवाज चढवू नका आणि कारणही देऊ नका. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं" म्हटलं की आपण गुन्हा कबूल करून वर सूट मागितल्यासारखं होतं. मांडा तुपात-दुधात कालवायलाच केलेला असतो, यजमानांनी वाढायलाच केलेला असतो, आणि तो उरला तर त्यांनाच वाईट वाटतं.

अंगावरून बोलणं वेगळं. "जाड झालीस", "हडकलीस", "लग्नानंतर अंगानं भरलीस" हे आपल्याकडे आपुलकीनंही म्हणतात, म्हणून लगेच तोडून बोलवत नाही. म्हाताऱ्या मावशीनं वर्षानं बघून "वाळलीस गं" म्हटलं तर ते सोडून द्या. पण तीच जाऊ, तीच नणंद दर सणाला सगळ्यांसमोर म्हणत असेल तर एकदा बाजूला घेऊन सांगा: "वहिनी, माझ्या अंगावरून बोललेलं मला लागतंय. नका बोलू." एकदाच, स्पष्ट. बहुतेक जणींना ते लागतंय हेच ठाऊक नसतं. ठाऊक असून बोलणाऱ्या थोड्या असतात, आणि त्यांच्याबाबतीत उठून दुसऱ्या पंगतीत बसणं हाच उपाय मला माहीत आहे.

८. पोरगी सोळाची आहे. स्थळं येतील म्हणून आम्ही तिला भात-तूप बंद केलंय. बरोबर ना?

नाही. या वयात हाडं भरत असतात, पाळी सुरू झालेली असते, आणि लोहाची गरज घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांपेक्षा जास्त असते: सोळा ते अठरा वयाच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम. त्याच वयाच्या मुलाला २६. तरीही अंडं भावाला आणि दुधावरची साय भावाला. आठवड्याची निळी गोळी शाळेत मिळते ती तिनं घ्यावी. ती घेतल्यानं जाड होत नाही, पाळीही बिघडत नाही.

ती खरोखर वजनानं जास्त असेल तर खेळायला, सायकल चालवायला, पोहायला पाठवा आणि बेकरीचं, पाकिटातलं घरातल्या सगळ्यांचंच कमी करा. एकट्या तिच्या ताटातलं काढलं तर ती चोरून खायला शिकेल, आणि ते पुढे कुठे जातं ते प्रश्न १५ मध्ये आहे. तुमच्या पोरीला बघायला येणारी माणसं अर्धा तास बसून जातील. तिला त्या हाडांवर साठ वर्षं काढायची आहेत.

९. मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणत्यात जास्त खाऊ नको, पोर मोठं झालं तर शिजर करावं लागतंय. आई म्हणतीय दोन जिवांचं खा. कुणाचं ऐकू?

दोघींचं अर्धं अर्धंसुद्धा नको. कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही. बाळ अशक्त जन्मतं आणि आई दमते. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे काळजीचं बाळ. दुप्पट खायचीही गरज नाही. गरोदरपणी रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर डाळ. मधुमेह निघाला असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेलं ताटच पाळा.

कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि अंगावर पिणारं मूल असलेल्या बायकांना अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. पुष्कळ जणी लाजून जात नाहीत. "घरात खायला नाही काय म्हणतील," असं त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे. ते जेवण कुणाची भीक नाही, तुमच्या नावानं आलेला शिधा आहे. चार जणी मिळून जा, एकटीला लाज जास्त वाटते.

सासूबाईंशी बोलताना मी शेताचं उदाहरण देते. आपल्याकडे शीगी हुण्णिमेला (आश्विन पौर्णिमेला) पीक पोटऱ्यात आलेलं असतं, शेत पोटुशी आहे असं मानून घरातून जेवण नेऊन शेतात चरग (नैवेद्याचे घास) टाकतात. पोटुशी जमिनीला आपण खाऊ घालतो. म्हाताऱ्या बायकांना हे लगेच पटतं.

१०. बाळंतिणीला पाणी कमी, पालेभाजी बंद, डाळ बंद. एवढं पथ्य खरंच लागतंय?

नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, आणि पाणी तहान लागेल तेवढं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, ओवा, लसणीची चटणी हे आपलं जुनं चांगलं आहे, ते ठेवा. त्याच्यासोबत डाळ, मेथी, शेपू, अंडं चालतं. बाळ रडलं की "आईनं काहीतरी खाल्लं असणार" हा आरोप सगळ्यात आधी होतो. बाळं बऱ्याच कारणांनी रडतात. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते, ती बंद करू नका.

११. वखारीत कामाला जाते. सकाळी मशेरी लावली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. वेळ वाचतोय की.

तंबाखूच्या वखारी असलेल्या निपाणीकडच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो ऐकला की मला खरोखर वाईट वाटतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूतलं निकोटीन भूक मारतं. भूक मेली म्हणजे अंगाची गरज भागली असं नाही. अंगाला तेवढंच लागतं, मागायचं तेवढं थांबतं. न्याहारी करायला वेळ नाही, करायला बसलं तर कुणी बोलेल, म्हणून मशेरी. असं करत वर्षं जातात आणि रक्त, दात, हिरड्या सगळं जातं. गरोदर बाईनं लावली तर बाळाचं वजन कमी भरतं.

आधी न्याहारी आणि मग मशेरी, असं सुरू करा. पोट भरल्यावर तलफ थोडी उतरते. रात्रीची भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून नेली तर वखारीत जाऊन खाता येते. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारा फोड असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

१२. बेळगावला गेले होते. एकटीनंच हॉटेलात मसाला डोसा खाल्ला. गावातल्या कुणीतरी बघितलं आणि घरी सांगितलं. आता "गृहलक्ष्मीच्या पैशानं चैन चाललीय" म्हणत्यात.

जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेतून कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार यायला लागले. त्यामुळे बायका बाजाराला, दवाखान्याला, सौंदत्तीला एकट्या जायला लागल्या. घरून सकाळी आठला निघालेली बाई दुपारी दोनला उपाशीच परतावी, अशी अपेक्षा कशासाठी? पुरुष बेळगावला गेला की मिसळ-भजी खाऊनच येतो, आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

त्या पैशातून तुम्ही पोरांची फी, गॅस, औषध भागवता हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. महिन्यातून एकदा खाल्लेल्या डोशासाठी ती यादी वाचून दाखवू नका. "भूक लागली होती, खाल्लं" एवढं खरं उत्तर द्या. पुढच्या वेळी जावेला, नणंदेला बरोबर घेऊन जा असं मी सुचवते, ते कुणाला पटवायला नाही. तीही भुकेलीच परतत असते.

१३. माहेरी चंदगडकडं मटण-मासे सगळं खायचो. सासरी माळ आहे. मी कामावर असताना अंडं खाते आणि घरी सांगत नाही. पाप लागतंय काय?

हा अवघड प्रश्न आहे, आणि दोन्ही बाजूंना मान देऊनच उत्तर द्यावं लागेल. घरात माळकरी माणसं आहेत, त्यांच्या चुलीवर, त्यांच्या भांड्यांत मांसमच्छी येऊ नये ही त्यांची अट रास्त आहे. ती पाळा. पण घराबाहेर तुमच्या पोटात काय जातं हा तुमचा निर्णय. माळ त्यांनी घातली आहे, तुम्ही घातलेली नाही. पाप-पुण्याचा निवाडा मी करणार नाही. एवढं सांगते की तुम्ही कुणाचं काही हिरावून घेतलेलं नाही.

मला काळजी आहे ती लपवण्याची. अंड्यापेक्षा लपवण्याचा ताप जास्त होतो. निदान नवऱ्याला सांगा. शक्य असेल तर सासूबाईंनाही, "घरात आणणार नाही" या शब्दासकट. घरात याच्यावरून हात उचलला जाईल असं वाटत असेल तर मात्र सांगू नका, आणि ती गोष्ट अंड्याहून फार मोठी आहे, तिच्यासाठी मदत घ्या. बायकांसाठीचा १८१ हा नंबर चालू आहे. स्वतःहून सोडायचं ठरवलंत तर डाळ, मटकी, शेंगदाणे, दूध-दही यांचं माप वाढवा, नाहीतर प्रश्न २ मधला ४६ चा आकडा गाठत नाही.

१४. मालक जाऊन दीड वर्ष झालं. कार्यक्रमात गोड खाल्लं, रस्सा घेतला तरी बायका बघत्यात. मलाच घास उतरत नाही.

दुःखात अन्न नकोसं होतं ते वेगळं, त्याला वेळ लागतो. पण इतरांना दिसावं म्हणून उपाशी राहायचं, हे गेलेल्या माणसानंही मागितलं नसतं. काही घरांत आजही विधवेनं एक वेळ जेवावं, तिखट-मसाला कमी खावा, सवाष्णींच्या पंगतीत बसू नये असं धरतात. मे २०२२ मध्ये आपल्या सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ते परिपत्रक कर्नाटकात लागू नाही, पण हेरवाडची माणसं आपल्याच सोयऱ्या-धायऱ्यातली आहेत. त्यांनी केलं ते आपल्या गावात करता येतं, आणि त्यात पंगतीचा विषयही घालता येईल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जिच्याजवळ तुम्हाला मोकळं वाटतं तिच्या शेजारी बसा आणि तिला आधी सांगून ठेवा, "मला वाढायला सांग." दुसऱ्या कुणी आग्रह केला की बघणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटतात. दोन-अडीच आठवडे नीट जेवण जात नसेल, झोप येत नसेल, किंवा कधीही जगावंसं वाटत नसेल तर पुढच्या उत्तरातला नंबर तुमच्यासाठीही आहे.

१५. दिवसभर काही खात नाही आणि रात्री सगळे झोपले की डब्यातलं मिळेल ते खाते. मग बोट घालून ओकते. कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही विचारलंत ते फार चांगलं झालं. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि माणसं त्यातून बरी होतात. शहरातल्या शिकलेल्या पोरींनाच असं होतं हा गैरसमज आहे. मला असं सांगणाऱ्यांत दोन मुलांच्या आयासुद्धा आहेत.

ते घडतं असं. दिवसभर शरमेनं, टोमण्यांच्या भीतीनं, वजन उतरवायला उपाशी राहायचं. अंग रात्री सूड घेतल्यासारखं सगळं एकदम मागतं. खाल्लं की शरम दुप्पट, म्हणून ओकायचं, आणि उद्या जास्त कडक उपास. ओकण्यानं दातांचं वरचं कवच झिजतं, अंगातलं पोटॅशियम खाली जातं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल तर आजच दवाखान्यात जा आणि ओकण्याचं लपवू नका.

टेली मानस, १४४१६. फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्याचे डॉक्टर असतात. तोवर घरी एकच करा: सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खा आणि दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खात राहा, आदल्या रात्री काहीही झालं असलं तरी. दिवसाची उपासमार थांबली की रात्रीचा जोर बराच उतरतो.

१६. मला शुगर निघालीय. डॉक्टरांनी गोड, भात कमी करायला सांगितलं. आता घरातलं बारकं पोरसुद्धा माझ्या ताटावर लक्ष ठेवतंय. मग तुम्ही म्हणताय तसं कसं करू?

पथ्य पाळायलाच हवं. वर जे सगळं लिहिलं आहे त्याचा अर्थ "काहीही खा" असा नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं तुमच्या अंगासाठी आहे. सगळ्यांसमोर "तुला चालत नाही ना, मग कशाला हात लावलास?" म्हणणं त्यासाठी नाही. त्यानं साखर उतरत नाही, कुंदा लपून खाल्ला जातो.

घरातल्यांना काम द्या: पथ्याचं जेवण सगळ्यांसाठी करा, संध्याकाळी बरोबर चालायला या, तीन महिन्यांची तपासणी चुकवू देऊ नका. ताटावर लक्ष मात्र तुम्ही स्वतः ठेवा. सणाला होळगी (पुरणपोळी) खायची असेल तर त्या जेवणात भात सोडा, अर्धी घ्या आणि बसून, चवीनं, सगळ्यांसमोर खा. थायरॉइड किंवा पीसीओएस (पाळी बिघडवणारा अंडाशयाचा आजार) असलेल्या मुलींनाही हेच लागू आहे. त्यांचं वजन वाढतं त्यात आजाराचा वाटा असतो, आणि "तोंडाला कुलूप लाव" हे त्यावरचं औषध नाही.

१७. मी सासू आहे. तुमचं ऐकून मला राग येतोय. आम्ही चाळीस वर्षं शेवटीच जेवलो, आम्हाला कुणी विचारलं काय?

कुणी विचारलं नाही, आणि ते चुकलंच. हा राग रास्त आहे, आणि तो सुनेवर निघतो कारण समोर तीच असते. बैठकीत एखादी आजी असं बोलली की मी तरण्या मुलींना गप्प बसून ऐकायला सांगते.

आता तुमच्याबद्दल. तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं? साठीनंतर दात नाहीत म्हणून भाकरी चावत नाही, मग चहात बुडवून बटर खाऊन दिवस काढणाऱ्या आज्या मी फार बघितल्या आहेत. सुनेसाठी अंडं उकडताना दोन उकडायला सांगा. भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून घ्या, नाचणीची आंबील करा. पाय वळत असतील, सारखी धाप लागत असेल तर प्रश्न ४ सुनेइतकाच तुमच्यासाठी आहे.

आणि वाढायचं पातेलं अजून तुमच्याच हातात असेल, तर प्रश्न ३ मधल्या वाट्या तुम्हीच भरा. सुनेनं भरल्या तर घरात वाद होतो. तुम्ही भरल्या तर कुणी बोलत नाही. स्वतःची आणि तिची वाटी आधी भरा, मग बाकीच्यांच्या.